बोट खाली राहिलं की बरोबर

साहेब खुर्चीच्या मागे, डाव्या बाजूला उभे राहत. उजवीकडे खिडकी होती आणि आपली सावली दुसऱ्याच्या कागदावर पडू नये, एवढी काळजी ते घेत. बाकी कसलीच घेत नसत. आपण लिहितोय, खोडतोय, पेन्सिलीचं टोक चावतोय, ते सगळं बघत उभे. तोंडात लवंग असायची. लवंगेचा वास आला की मान न वळवता कळायचं, कोण आलंय. आमचं पौडच्या बाजारात किराण्याचं दुकान. लवंगा मी लहानपणापासून तोलत आले. तरी अजूनही लवंगेची बरणी उघडली की माझी पाठ आपोआप ताठ होते.

ते आमच्या कारखान्यातल्या संगणक विभागाचे प्रमुख होते. कारखाना पिरंगुटजवळ, पौड रस्त्याला लागून. विभाग हा जरा मोठाच शब्द झाला. ओतकामाच्या शेडमागे एक लांबट खोली, तीत कार्डं पंच करणाऱ्या दोन मुली, अभय नावाचा पुण्याचा एक प्रोग्रामर आणि मी. संगणक आमच्याकडे नव्हताच. तो पुण्यात, दुसऱ्या एका कंपनीत. त्याचे तास आम्ही भाड्याने घ्यायचो. इथं चौकटींच्या कागदावर एकेक अक्षर लिहायचं, मग त्याची भोकं पाडलेली कार्डं तयार व्हायची, एका ओळीचं एक कार्ड. कार्डांची पेटी जीपमधून पुण्याला जायची आणि चूक निघाली की तशीच परत यायची. हे ऐंशीच्या आसपासचं.

ती पेटी साहेब स्वतःच्या मांडीवर घेऊन बसत. ड्रायव्हरला सांगत, "खड्डा आला की आधी मला सांगायचं." पौड रस्त्यावर हे सांगणं म्हणजे सबंध रस्ताभर बोलत राहणं. गठ्ठ्याच्या कडेवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढलेली असे. एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं तर रेघ तुटलेली दिसायची.

मुळशीच्या पावसात कार्डं फुगतात. फुगलेलं कार्ड यंत्र घेत नाही, आत अडकतं आणि फाटतं. साहेबांनी त्यासाठी एक लोखंडी कपाट घेतलं होतं आणि त्यात खाली विजेचा दिवा सतत जळत ठेवला होता. अभय त्याला खुराडं म्हणायचा. "साहेबांची अंडी उबताहेत." साहेब सकाळी आले की आधी कपाट उघडायचे आणि तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा हाताचा मागचा भाग कार्डांना लावायचे. आमच्याकडे वळायचे ते त्यानंतर.

त्यांचे नियम मी तेव्हा लिहून काढले होते. मला यादी केल्याशिवाय काही कळत नाही, दुकानात वाढल्याचा परिणाम. पेन्सिलीचं टोक सकाळी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळा दाखवायचं. शून्यावर तिरकी रेघ, म्हणजे ते इंग्रजी ओ वाटणार नाही. खाडाखोड केली तर सबंध कागद नवा. चहाला जाताना डोक्यात काय चाललं होतं ते कागदाच्या वर लिहून जायचं. हा शेवटचा नियम ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि त्यांना मी एवढा एकच नियम लावते. अर्धवट सोडलेल्या कामात परत शिरताना जो वेळ जातो, तो त्या एका ओळीने वाचतो.

"नंतर बघू" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "नंतर ही कोणती वेळ? घड्याळात दाखवा."

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे वाचन. प्रोग्राम लिहून झाला की तो कार्डांवर जाण्याआधी साहेबांसमोर मोठ्याने वाचायचा, तोही मराठीत. कोबोल या संगणकाच्या भाषेतली इंग्रजी ओळ डोळ्यांनी बघायची आणि तोंडाने सांगायचं, "माणसाचा क्रमांक मागच्याइतकाच असेल तर बेरीज चालू ठेवायची, नसेल तर बेरीज छापायची आणि शून्यापासून सुरुवात करायची." साहेब डोळे मिटून बसत. उजव्या हाताची तर्जनी टेबलावर टेकलेली. ती उचलली गेली की थांबायचं, चूक आहे. काय चूक ते सांगत नसत, ती आपण शोधायची. बोट खाली राहिलं की बरोबर. त्याहून जास्त कौतुक त्यांच्याकडे नव्हतं.

"यंत्राला इंग्रजी कळतं," ते म्हणत, "तुम्हाला काय कळलंय, ते मराठीत कळेल."

अभय या सगळ्याला कंटाळला होता. तो माझ्याहून हुशार होता, हे मी आजही म्हणेन. मनातल्या मनात सबंध प्रोग्राम उभा करायचा. पण कुणी मागे उभं राहिलं की त्याचा हात थांबायचा. शेवटी शेवटी तो लवंगेच्या वासानेसुद्धा पेन्सिल खाली ठेवायचा. "स्वप्नातपण मागे उभे असतात गं," तो एकदा म्हणाला, आणि ते थट्टेत नव्हतं. पुढे तो मुंबईला निघून गेला. साहेबांना तो का गेला ते कधीच उमगलं नाही. "त्याच्या शून्यावरची रेघ आता कुठं सुधारत होती," एवढंच म्हणाले. माणसाच्या मागे उभं राहिल्याने माणसाचं काय होतं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगण्याइतकं धाडस माझ्यातही नव्हतं.

मी माझ्यापुरता मार्ग काढला होता. साहेब विचारायला यायच्या आधी मीच जायची. सकाळी कपाट बंद करून ते वळले की समोर उभी राहून सांगायची: आज काय करणार, कुठं अडेल असं वाटतं, आणि तुम्हाला केव्हा दाखवणार. तिसरी गोष्ट महत्त्वाची. वेळ सांगितली की साहेब त्या वेळेपर्यंत खुर्चीमागे येत नसत. घड्याळाकडे बघत आपल्या टेबलाशी चुळबुळत, पण येत नसत. त्यांना माणसांवर हुकमत नको होती, अंधारात राहायचं नव्हतं, हे मला त्या चुळबुळीवरून कळलं.

मी तेव्हा कायम झाले नव्हते. घरी ठरलेलं होतं, वर्षभर नोकरी करायची, कायम झाले तर पुढे चालू, नाही तर घरी. अब्बांनी ते रागाने सांगितलं नव्हतं. "बेटा, मला लोकांना काहीतरी सांगता आलं पाहिजे," असं म्हणाले होते. बाजारपेठेत दुकान म्हणजे रोज शंभर तोंडं. कायम करायच्या कागदावर सही साहेबांची लागणार होती. आणि स्वतः तपासल्याशिवाय साहेब चहाच्या बिलावरही सही करत नसत.

त्या पावसाळ्यात कारखान्याचा पगार पहिल्यांदा संगणकावर जायचा होता. हजेरीचा प्रोग्राम माझ्याकडे आला. काय लिहायचं ते साहेबांनी ऑफिसच्या नियमांवरून ठरवून दिलेलं, तसंच मी लिहिलं. वाचनाला बसले.

"एका माणसाची एका तारखेला एकच हजेरी धरायची," मी वाचलं. "दुसरी आली तर ती चूक समजून बाजूला काढायची."

बोट खाली होतं. मीच थांबले.

साहेबांनी डोळे उघडले. "पुढे?"

"साहेब, ही ओळ चुकीची आहे."

"मी बोट उचललेलं नाही."

"आवणीत एका तारखेला दोन हजेऱ्या असतात."

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायचं काम. ते पावसाच्या तंत्राने चालतं, कारखान्याच्या नाही. आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं आजूबाजूच्या गावांतली, घरी भाताची खाचरं असलेली. आवणीत ती आपसात पाळ्या बदलून घेत. आज किसनने आपली पाळी करून लगेच म्हादूचीही करायची. उद्या म्हादूने दोघांची. म्हणजे दोघांनाही एकेक सबंध दिवस रानात मिळायचा. मुकादमाला माहीत असे. हजेरी कारकून वहीत एक खूण इकडून तिकडे सरकवायचा आणि पगार बरोबर निघायचा. यात कुणाचं काही बुडत नव्हतं. पण कुठं लिहिलेलंही नव्हतं. आता कारकुनाच्या जागी माझी ओळ येणार होती. तिच्यामुळे दुसरी पाळी चूक ठरणार होती आणि दुसरा दिवस गैरहजर. माणसाने काम दोन पाळ्यांचं करायचं आणि हजेरी एकाच पाळीची लागायची.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेब म्हणाले.

"कुणी नाही. पौडात सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण? नियम दाखवा. ज्या ओळीमागे नियम नाही, ती ओळ माझ्या प्रोग्राममध्ये येणार नाही, बाई."

बाहेर आल्यावर अभयने तोड सांगितली. "दोन कार्डं जास्त पंच करून घे. वाचताना बाजूला काढ, पुण्याला जाताना घाल. खुराड्यात कोण मोजतंय?"

मी त्यावर दिवसभर विचार केला, खोटं नाही सांगत. पण साहेब मोजत असत हे एक. आणि दुसरं असं, की लपवलेली ओळ ती लपवणाऱ्याबरोबर नोकरी सोडून जाते. मी घरी बसले की दुसरा कुणी येईल, ती कार्डं बघेल आणि ही काय भानगड म्हणून काढून टाकेल. हीच माणसं आमच्या दुकानात मीठ-तेल न्यायला येणार होती. पगार कापला गेला तर ती मशीनला विचारायला पुण्याला जाणार नव्हती; अब्बांच्या गल्ल्यासमोर उभी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट बंद झाल्यावर मी नेहमीच्या तीन गोष्टी सांगितल्या आणि चौथी जोडली. "साहेब, तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय काही मानत नाही. मग बघायला चला. कासार आंबोलीला, आज किसन तिथं आहे."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी छत्री उचलली.

किसन ओतकामातला. काल त्याने दोन पाळ्या काढल्या होत्या. तो, त्याची म्हातारी आई, बायको आणि भावकीतल्या दोन-चार बाया ओळीने वाकून रोपं लावत होती. वरून पाऊस, घोट्याच्या वर चिखल. साहेबांनी बूट काढले, मोजे घडी करून खिशात घातले, पँट वर दुमडली आणि बांधावरून चालत बरोबर किसनच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

लवंगेचा वास त्यालाही आला असावा. वळला आणि हातातली रोपं तशीच धरून उभा राहिला.

"सायब? काय झालं? काल दोन पाळ्या केल्यात मी, म्हादूला इचारा."

"विचारणार आहे. आज तुझ्या जागी कोण?"

"म्हादूच. त्याची बी अन् माजी बी. परवा परत मी दोन, त्यो रानात."

"आणि परवा पाऊस नसला तर?"

"मंग तेरवा. पाऊस काय आपल्याला इचारून येतुया व्हय?"

साहेब विचारत राहिले. म्हादू आजारी पडला तर? दोन पाळ्यांनी हात लटपटतो का? भट्टीपाशी दुसरी पाळी करतोस का? किसन म्हणाला, भट्टीपाशी न्हाई, मुकादम देतच न्हाई, दुसऱ्या पाळीला घासकामावर घालतो. साहेबांनी ते दोनदा वदवून घेतलं. एवढं सगळं चालू असताना त्यांचं लक्ष खाचराकडे होतं. शेवटी राहवलं नाही.

"ही ओळ वाकडी चालली आहे," ते किसनच्या आईला म्हणाले.

म्हातारी कमरेवर हात देऊन उभी राहिली. "भाताला वाकडं चालतंय, सायब. तुमाला सरळ पायजे आसंल तर या खाली, लावा."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. ते खरोखरच खाली उतरले, हातात रोपं घेतली आणि म्हातारीच्या बाजूला वाकून लावू लागले. पाचसहा रोपं लागली असतील. म्हातारी त्यांच्या मागे उभी राहून बघत होती. "लई खोल रवलंय. उपटा. परत लावा." साहेबांनी उपटलं, परत लावलं.

येताना जीपमध्ये त्यांनी मोजे खिशातून काढले नाहीत. अनवाणीच बसले होते. पिरंगुट यायच्या जरा आधी म्हणाले, "बाई, हे लिहून घ्यायला हवं."

 मला ओळ बदलून हवी होती. लिहून घेतलेलं नको होतं. लिहिलं की वर जाणार, आणि वरचे म्हणणार, असलं काही चालत होतं का आपल्याकडे? बंद करा. मी तसं म्हटलंही.

"बंद करायचं तर समोर बंद करतील," साहेब म्हणाले. "मागून बंद होणार नाही."

कारखान्याच्या मॅनेजरांसमोर ते मला घेऊन गेले, कारण ज्याने लिहिलं त्यानेच वाचायचं हा नियम. मी नवी ओळ वाचली. "आवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत, मुकादमाने आधी नाव दिलेलं असेल तर, एका तारखेला दुसरी हजेरी आली तरी ती चूक धरू नये."

मॅनेजर चिडले. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. "दमलेल्या माणसाचा हात यंत्रात गेला तर कोण जबाबदार? हे उद्यापासून बंद. आणि ही मुलगी इथलीच ना? गाववाल्यांची बाजू घेणारच. हिला कायम करण्याआधी विचार करा."

मी कागदाकडे बघत राहिले. साहेब बसले नव्हते. ते मॅनेजरांच्या खुर्चीमागे गेले होते, डाव्या बाजूला. सवयीनेच गेले असतील.

"मी रानात जाऊन आलो," ते म्हणाले. "ते हे करणार आहेत. आपण फक्त ठरवायचं, की ते आपल्याला माहीत असावं की नसावं. माहीत असलं तर दुसरी पाळी भट्टीवर लागणार नाही, एवढं बघता येईल. नसलं तर पहिल्याच महिन्यात पगार कापला जाईल आणि लोक म्हणतील, मशीनने खाल्ला."

"आणि काही झालं तर?"

"त्या ओळीखाली माझी सही असेल. हिची नाही."

 मॅनेजरांनी मान वळवून मागे बघितलं, आणि तो कागद इकडे द्या म्हणाले.

माझा कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी तो मला परत पाठवला. माझ्या पत्त्यात एक अक्षर गिरवलेलं होतं. नवा कागद आणा. मी नवा भरून दिला. साहेबांनी सही केली, टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि विचारलं, "आज कुठं अडणार आहात?"

पुढे कारखान्यात स्वतःचा संगणक आला, पडद्याचा. कार्डं गेली, कपाटातला दिवा काढला. साहेबांना अर्धांगाचा झटका आला तो त्याच सुमारास. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नवे प्रमुख तरुण होते, सभ्य होते, कुणाच्या मागे उभे राहत नसत. वाचनाची पद्धत त्यांनी बंद केली. चूक असली तर मशीनच दाखवेल म्हणाले. हजेरीचा प्रोग्राम बाहेरून तयार घ्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यात एका तारखेला एकच हजेरी. मी साहेबांच्या सहीचा तो कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचला, असा नियम आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणाले, आणि प्रोग्राम नव्याने लिहायचं काम माझ्याकडेच दिलं.

लिहून झाल्यावर मी तो घेऊन पुण्याला साहेबांच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दार उघडलं. साहेब खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसवलेले होते. दाढी केलेली, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. काकू म्हणाल्या, "ओळखतात. पण कळतं किती, ते आम्हालाही कळत नाही गं."

मी खुर्ची ओढून समोर बसले. सांगितलं, "साहेब, आज हजेरीचा प्रोग्राम वाचणार आहे. संपवून पाचच्या बसने जाणार." त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताची तर्जनी पांघरुणावर टेकली.

मी मराठीत वाचायला लागले. माणसाचा क्रमांक, पाळी, तारीख. खिडकीतून रस्त्यावरचा आवाज येत होता. बोट खाली होतं. मी वाचत वाचत त्या ओळीशी आले. "मुकादमाने आधी नाव दिलेलं असेल तर, एका तारखेला दुसरी हजेरी आली तरी ती चूक धरू नये."

बोट वर गेलं.

"तो हात असाच उठतो अधूनमधून," काकू हळूच म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका."

पण मी थांबले होते. बोट उचललं की आपण शोधायचं. ओळ बघितली, शब्द न् शब्द. वरची बघितली, खालची बघितली. चूक नव्हती. सगळं रानात ठरलं होतं तसंच होतं. मी वर बघितलं तर साहेबांचे डोळे उघडे होते आणि बोट अजून हवेतच होतं. तेव्हा मला कळलं, त्यांना ती ओळ परत ऐकायची आहे.

मी ती पुन्हा वाचली, सावकाश.

बोट खाली आलं. साहेबांनी डोळे मिटले. मी पुढची ओळ घेतली.